खाडीपूल आणि जोडरस्त्याचं काम: माणसांच्या सोयी इस्टिमेटमध्ये कशा धरायच्या?

‘जोडरस्ता’ (मंचावरचं टोपणनाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवरचा पूल आणि दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे ७ किमी जोडरस्ता, असं इस्टिमेट तयार होतंय. मुदत २४ महिने, पावसाळा धरून. तांत्रिक मान्यतेला अजून गेलेलं नाही, त्यामुळे बदल करायला जागा आहे.

साइटवर सरासरी ६० ते ६५ मजूर असतील, त्यात १५-१८ बायका. खात्याचे आम्ही तिघं. शिवाय मनुष्यबळ एजन्सीमार्फत चार कंत्राटी कनिष्ठ अभियंते, त्यांत दोन मुली. टेंडरमध्ये नेहमीची ओळ असते: ‘कामगारांना आवश्यक त्या सर्व सोयी कंत्राटदाराने स्वखर्चाने पुरवाव्यात.’ या ओळीतून चार बांबू आणि एक निळी ताडपत्री एवढंच उगवतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

मुख्य अडचणी अशा. जोडरस्ता सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, जातो. खाली कातळ, शोषखड्डा खणता येत नाही, आणि काम रोज पुढे सरकतं. मग संडास कुठे आणि कसले? एप्रिल-मेमध्ये सड्यावर झाड नाही, सावली नाही. पावसाळ्यात पुलाचं काम थोडंफार चालू राहणार. आणि एजन्सीच्या पोरांचे पगार वेळेवर व्हावेत म्हणून आमच्या बाजूने कागदावर नेमकं काय लिहावं? ‘सुरक्षा सप्ताह साजरा करा’ छापाचे सल्ले नकोत. बाब, परिमाण, अट, असं सांगा.

---

कोरी_एमबी

धागा वेळेवर काढलात. वर्क ऑर्डर निघाल्यावर यातलं काहीही घुसवता येत नाही.

‘स्वखर्चाने’ हा शब्दच काढून टाका. कंत्राटदार दहा-पंधरा टक्के खाली भरतो तेव्हा तो सिमेंट-सळीत वाचवू शकत नाही. ज्याची मोजणी होत नाही तिथेच वाचवतो. म्हणून सोयी शेड्यूल बीमध्ये (निविदेतल्या बाबी-परिमाण-दरांच्या यादीत) स्वतंत्र बाबी म्हणून आणा. त्याही ‘एकरकमी’ नकोत. एकरकमी बाब पहिल्याच आरए बिलात (चालू कामाच्या हप्त्याच्या बिलात) उचलली जाते आणि सहा महिन्यांनी संडासाचं दार गायब. परिमाण ठेवा ‘प्रति नग प्रति महिना, चालू स्थितीत’. महिन्यात जितके दिवस बंद, तितक्या दिवसांचे पैसे कमी. मग एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद करताना कुणीतरी खरंच जाऊन दार उघडून पाहतं.

संडासांची संख्या: कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत १०० माणसांपर्यंत दर २५ ला एक असं प्रमाण होतं, स्त्री-पुरुष वेगळे. तुमच्याकडे पुरुषांना दोन, बायकांना एक. पण काम पूल आणि रस्ता अशा दोन तोंडांवर चालणार, म्हणजे बायकांसाठी दोन धरा, एकाने भागणार नाही. साइट ऑफिसचा वेगळा.

सड्यावर एफआरपीचं (फायबरचं) युनिट, खाली बंद टाकी, आणि सगळं ट्रॉलीवर. गँग पुढे सरकली की ट्रॅक्टरने ओढायचं. ट्रॉलीशिवायचं युनिट ठेवलंत तर ते पहिल्या दिवशी जिथे उतरवलं तिथेच राहतं आणि काम दोन किलोमीटर पुढे जातं. टाकी उपसायला मैला टँकर लागतो. तो बहुधा जवळच्या नगरपरिषदेकडे किंवा नगरपंचायतीकडेच मिळतो, म्हणून उपसा ही पोटबाब करून आठवड्याला एक फेरी धरा. पाण्याची वेगळी टाकी वर हवी. ‘संडास आहे, पाणी नाही’ म्हणजे संडास नाही.

वाऱ्याचं विसरू नका. सड्यावर मे अखेरचा वारा रिकामं एफआरपी युनिट सहज पाडतो. चार कोपऱ्यांना काँक्रीटचे ठोकळे आणि वायर रोप, हे ड्रॉइंगवर दाखवा. नटबोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या. खाऱ्या हवेत आधी पत्रा गंजत नाही, जे-बोल्ट गंजतो, आणि मग अख्खा पत्रा उडतो.

निवाऱ्याला केंद्रीय बांधकाम खात्याच्या नमुना नियमांत माणशी ०.६ चौ.मी. आणि ३ मीटर उंची आहे. ६० जणांना ३६ चौ.मी. येतात. ही जागा बसून डबा खायला पुरते, दुपारी आडवं व्हायला नाही. ७० तरी धरा. पिण्याचं पाणी संडास-गटारापासून किमान १५ मीटरवर.

एक गैरसमज आधीच दूर करतो. बिलातून कापला जाणारा १ टक्का बांधकाम कामगार उपकर हा साइटवरच्या सोयींसाठी नाही. तो कल्याणकारी मंडळाकडे जातो. ‘सेस भरला ना, अजून काय?’ हे उत्तर कंत्राटदार हमखास देईल. त्या पैशाचा उपयोग मजुराला व्हायचा तर त्याची मंडळाकडे नोंदणी हवी. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम. हे ९० दिवसांचं प्रमाणपत्र देणं कंत्राटदारावर बंधनकारक करा, नाहीतर मजूर ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतो.

---

खाडीपट्टा_आरोग्य

वर सोयींचं चांगलं आलंय. मी आजार आणि अपघातांपुरतं लिहितो.

उन्हाळा. किनारी केंद्रांवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ३७ अंश असावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बहुतेक दिवस ३२ ते ३४ ला थांबतो, म्हणून इशारा येत नाही आणि सगळे निर्धास्त राहतात. पण ३२ अंशाला हवेत ७० टक्के दमटपणा असला की शरीराला ते सुमारे ४१ सारखं जाणवतं. घाम सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही. घाटावर घाम सुकतो, इथे तो नुसता निथळतो. मार्चमध्ये खारा वारा उशिरा सुटला की पाराही चढतो, आणि तेव्हा कुणाच्याच अंगाला सवय नसते.

पाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २५० मिली. म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. ६० जणांना ७ तासांना कमीत कमी ३१५ लिटर, फक्त प्यायला. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ उतरतं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकू नये. कोकम सरबत मीठ घालून उत्तमच, पण चक्कर येऊन पडलेल्या माणसाला तोंडाने काहीही पाजू नका. अंग गरम आणि बोलणं असंबद्ध म्हणजे उष्माघात. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग गाडी शोधा. उलटं करू नका.

नव्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याइतकं, मग रोज तेवढंच वाढवत. परमुलखातून रात्रभर प्रवास करून आलेली गँग सकाळी थेट खोदाईवर लावतात, आणि पहिल्या आठवड्यातच माणसं कोसळतात.

पाऊस सुरू झाला की लेप्टो (उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून होणारा ताप). चिखलात, साचलेल्या पाण्यात उभं राहणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे, पायाला जखम असेल तर त्याला पाण्यात उतरवायचंच नाही. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, एवढं दिसलं की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस वाट पाहणं इथेच जिवावर येतं. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीन वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून द्यावी, मुकादमाच्या खिशातून नव्हे.

साप: सड्यावर जांभ्याच्या ढिगात फुरसं असतंच. दगड हाताने उचलण्याआधी पहारीने हलवायचा, ही सवय लावा. चावल्यावर आवळपट्टी नाही, चिरा नाही. हात-पाय हलू न देता १०८ किंवा साइटची गाडी. सापाच्या विषावरची लस नेमकी कुठे आहे हे आधी विचारून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा विचारा. कळंबणी, कामथे, दापोली ही उपजिल्हा रुग्णालयं, पण तुमच्या साइटपासून खाडी वळसून किती मिनिटं लागतात ते गाडी चालवून मोजा. नकाशावर ४ किमी दिसणारं अंतर रस्त्याने ३० असतं, म्हणून तर पूल बांधताय. लाल विंचवासाठी प्राझोसिन ही गोळी आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं त्यातलं काम सगळ्यांना ठाऊक आहे. ती केंद्रात शिल्लक आहे का, हेही त्याच फोनवर विचारा.

मोऱ्यांची खोदाई १.५ मीटरच्या खाली गेली की बाजूला उतार किंवा आधार. काढलेली माती कडेपासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब. वरचा जांभा टणक दिसतो म्हणून कोणी आधार देत नाही. खालचा थर मऊ असतो, पावसाचं पाणी मुरलं की तो सरकतो आणि वरचा दगड अख्खा खाली येतो.

---

साइटवरची

बायकांच्या बाबतीत तीन-चार गोष्टी, ज्या इस्टिमेट करणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

संडास पुरुषांच्या शेजारी आणि डंपर वळतात त्या जागी ठेवला तर कोणी जात नाही. दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग वरचं पाणी-वेळापत्रक कितीही बरोबर असो, बायका त्यात नसतातच. दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आतून खरी कडी (दोरी नव्हे), आत खुंटी, झाकणाचा डबा आणि तो रोज नेणारं माणूस. सोलर दिवा एक. किंमत नगण्य आहे, फक्त ड्रॉइंगवर हवं.

बूट. निविदेत ‘सेफ्टी शूज’ एवढंच असेल तर ८ आणि ९ नंबरचे येतात. ४ ते ६ नंबर संख्येसह लिहा. सैल गमबूट घालून शटरिंगवर चढणं अनवाणी चढण्यापेक्षा वाईट. हार्नेसचंही तेच.

कंत्राटी मुलींसाठी: सूर्यास्तानंतर थांबायचं असेल तर परतीची गाडी कोणाची, हे कराराच्या कागदावर हवं. लैंगिक छळविरोधी कायद्यात (२०१३) नोकरीनिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन, दोन्ही कार्यस्थळात येतात. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत ३ महिने. साइट ऑफिसच्या फळीवर नावं आणि फोन लावा. ‘ती समिती खात्याच्या मंडळ कार्यालयात आहे’ हे सड्यावरच्या मजूर बाईला कसं कळणार?

बाळंतपणाची रजा कंत्राटी मुलीलाही लागू आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम, पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवडे. कराराची मुदत मध्येच संपते म्हणून लाभ तोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात स्पष्ट केलंय. एजन्सी ११ महिन्यांचा करार दाखवेल, त्याला भुलू नका.

---

जोडरस्ता

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून नस्तीत लावतोय. दोन शंका. कोरी_एमबी साहेब, ट्रॉलीचा संडास दरसूचीत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप येईल त्याचं काय? आणि एजन्सीच्या पगाराबद्दल कोणी लिहिलं नाही.

---

सात_तारीख

पगाराचं मी सांगतो.

एजन्सी म्हणते, ‘खात्याचं बिल निघालं की पगार.’ कायदा असं म्हणत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. एजन्सीने बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुमच्या खात्यावर येते. तेव्हा अट अशी घाला: एजन्सीने बिलाची वाट न पाहता तीन महिने पगार देण्याची ऐपत दाखवावी, आणि दर बिलाबरोबर मागच्या महिन्याच्या पगाराचा बँकेचा तपशील व पीएफची ईसीआर (भरण्याचं मासिक विवरण) नावांसह जोडावी. चलन नुसतं नको. चलनावर फक्त रक्कम असते, ती कोणाचीही असू शकते. पोरांना सांगा, उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा.

इथे एक पळवाट आहे. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचा पीएफसाठी धरला जाणारा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला पीएफच्या बाहेर ठेवता येतं. तुमच्या कनिष्ठ अभियंत्यांचं मानधन त्याहून जास्तच असणार. म्हणून निविदेतच लिहा की सर्वांना किमान १५,००० च्या मर्यादेवर पीएफ द्यायचाच. मालकाचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८००, विमा आणि प्रशासन प्रत्येकी अर्धा टक्का, मिळून १,९५० रुपये माणशी दरमहा. चौघांचे ७,८००. एवढ्यासाठी इस्टिमेट अडत नाही, आणि त्यात नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ७ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण येतं.

आणखी एक पाहा. ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे देत असतील तर कागदावर ते कर्मचारीच नाहीत, सल्लागार आहेत. रजा, पीएफ, भरपाई सगळं तिथेच संपतं. नियुक्तीपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात नियुक्तीपत्र सक्तीचं आहे. तुमच्या छापील अटींत कंत्राटी कामगारांचा १९७० चा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा नावाने असेल, तिथे ‘त्या वेळी लागू असलेला कायदा’ असे शब्द करून घ्या.

अपघाताची पॉलिसी नीट वाचा. कंत्राटदार सीएआर (कंत्राटदाराच्या सर्व जोखमींची) पॉलिसी दाखवतो. ती कामाची, माणसाची नाही. मजुरांसाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. ३० वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाल्यास महिना १५,००० पगार धरून निम्मे ७,५०० गुणिले २०७.९८ (कायद्यातला त्या वयाचा गुणक), म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. पॉलिसीत दहा माणसं दाखवून साठ कामावर असतात, तिथे विमा कंपनी हात वर करते. म्हणून पॉलिसीतली संख्या आणि हजेरीपट दर तिमाहीला जुळवा. पोटकंत्राटदाराची माणसं धरली आहेत का, तेही पाहा.

तक्रारीची जागा: राज्याच्या खात्याचं काम असेल तर जिल्ह्याचे सरकारी कामगार अधिकारी. कोकण रेल्वेसारखं केंद्राचं काम असेल तर केंद्रीय श्रम यंत्रणा. लोक चुकीच्या दारात सहा महिने घालवतात.

---

कोरी_एमबी

दरसूचीत नसलेली बाब म्हणजे आक्षेप, असं नाही. दर पृथक्करण जोडा: तीन कोटेशनं, युनिटचं आयुष्य वर्षांत धरून मासिक घसारा, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, सफाईची मजुरी, उपसा. सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी तांत्रिक मान्यतेच्या आधी घ्या, नंतर नाही. फील्ड लॅबोरेटरी रस्त्याच्या कामात वेगळी धरतोच ना? त्याच पानावर ही बाब बसते. आक्षेप येतो तो बाब होती आणि मोजणीला पुरावा नव्हता तेव्हा, म्हणून जिओटॅग फोटो महिन्यातून दोन, दार उघडं असलेले.

---

ओहोटी

पुलाच्या बाजूचं राहिलंय ते लिहितो.

खाडीतलं काम घड्याळावर नाही, पाण्यावर चालतं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी ७ ला असलेली ओहोटी आठवड्याने दुपारी पावणेएकच्या आसपास, म्हणजे ऐन उन्हात. त्यामुळे ‘सकाळी साडेसहा ते साडेदहा, दुपारी साडेतीन ते साडेसहा’ ही उन्हाळी पाळी जोडरस्त्याला बसते, पायाच्या कामाला बसत नाही. तिथे महिन्याचं भरतीचं कोष्टक घेऊन पाळ्या आधीच मांडा आणि दुपारच्या ओहोटीच्या दिवसांत गँग दुप्पट ठेवून अर्ध्या तासाने बदला. पाण्यावरच्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, दोरीसह बोया, आणि माणूस बसलेली होडी. किनाऱ्याला बांधलेली, वल्ही घरी ठेवलेली होडी धरायची नाही.

दुसरं म्हणजे रात्रीचं काँक्रीट. उन्हाळ्यात स्लॅब आणि पिअर कॅप (पुलाच्या खांबाचा माथा) रात्री ओततात, ते काँक्रीटसाठी योग्यच. पण दिवसा सर्व्हे करणारा तोच कनिष्ठ अभियंता रात्री काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरायला उभा असतो. चौघांत हे भागत नाही. टेंडरमध्ये कंत्राटदाराचा किमान तांत्रिक स्टाफ पाळीनुसार लिहा, हजर नसेल तर दरमहा वसुलीची रक्कमही लिहा. आणि खात्याच्या बाजूने नियम करा की रात्रीच्या ओतीनंतर पुढचा दिवस सुट्टी, मोबाइलवर फोटो मागवायचे नाहीत.

कॅलेंडर लावताना मार्च मोकळा समजू नका. शिमगा आणि मार्च अखेरची बिलं बहुधा एकाच महिन्यात येतात. स्थानिक माणूस शिमग्याला आणि गणपतीला थांबत नाही, थांबवूही नये. झारखंड-बिहारची गँग छठला जाते. या तीन खिडक्या बार चार्टमध्येच शून्य कामाच्या दाखवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये सगळ्यांवर १४-१४ तासांची पाळी येते.

पत्र्याच्या केबिनला ५० मिमी पफ (फोमचं) इन्सुलेशन आणि वर वेगळं छप्पर घ्या. विजेला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) सक्तीचा. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, रोध मोजून नोंदवा, गरज पडली तर बेंटोनाइट भरा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विजा जास्त, म्हणून मुकादमाच्या मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप ठेवा. ढग गडगडले की क्रेनचा बूम खाली आणि माणसं सड्यावरून खाली. ताडपत्रीखाली उभं राहून उपयोग नाही, पफ केबिन अर्थ केलेली असेल तर ती किंवा बंद गाडी. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर त्याच फळीवर लावा, मराठीतही बोलता येतं.